वादळानं अख्खी रेल्वे लाईन तोडली, पण समुद्राकाठच्या तुकड्यावर जुनी ट्रेन आजही धावतेय

एक सीन डोळ्यांसमोर आणा. खोल दरीवर रेल्वेचा अरुंद पूल. पुलाला ना कठडा, ना पायवाट. चार पोरं स्लीपरवरून तोल सांभाळत पलीकडं निघालीत. तेवढ्यात मागून धूर दिसतो, शिटी वाजते आणि एक काळंकभिन्न वाफेचं इंजिन थेट त्यांच्या अंगावर येतं. मग पोरं जीव मुठीत घेऊन पळत सुटतात.

हा सीन 1986 साली आलेल्या ‘स्टँड बाय मी’ या हॉलिवूडच्या सिनेमातला. स्टीफन किंगच्या गोष्टीवर रॉब रायनरनं केलेला हा सिनेमा पाहिला नसेल, तरी या पुलाची क्लिप कधी ना कधी मोबाईलवर तुमच्या समोरून गेली असेल.

सिनेमातली गोष्ट घडते अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात. ट्रेनचं शूटिंग मात्र झालं होतं शेजारच्या कॅलिफोर्नियात. त्या शूटिंगमधलं इंजिन होतं मक्लाऊड रेल्वेचं 25 नंबरचं. सिनेमा येऊन गेला आणि पंचवीस वर्षांनी, 2011 साली, हे इंजिन खरोखरच ओरेगॉनला आलं. समुद्राकाठच्या एका छोट्या रेल्वेनं ते आणलं.

गंमत म्हणजे ते रेल्वेनं आलं नाही. ते आलं ट्रेलरवर लादून, रस्त्यानं. कारण ज्या रुळांवर त्याला धावायचं होतं, ते रूळ बाकीच्या अमेरिकेच्या रेल्वेला जोडलेलेच नव्हते. मधला रस्ता एका वादळानं तोडून टाकला होता.

ती छोटी रेल्वे म्हणजे ‘ओरेगॉन कोस्ट सीनिक रेलरोड’. दिसायला पर्यटकांची गाडी. पण तिची गोष्ट नीट पाहिली की एक मोठा प्रश्न समोर येतो. जी रेल्वे लाईन कुणालाच परवडत नाही, तिचं करायचं काय?

आधी ही गाडी नेमकी धावते कुठं ते बघू

ओरेगॉन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य. समोर पॅसिफिक महासागर. इथं टिलामूक नावाची खाडी आहे आणि त्या खाडीवर गॅरीबाल्डी नावाचं मासेमारीचं लहानसं गाव. गावात जुन्या लाकडाच्या गिरणीची एक उंच चिमणी अजून उभी आहे. गिरणी गेली, चिमणी राहिली. या गॅरीबाल्डीतून गाडी सुटते आणि उत्तरेला रॉकअवे बीच या गावापर्यंत जाते.

अंतर किती? जेमतेम 5 मैल, म्हणजे 8 किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडच्या लोकलला हे अंतर कापायला दहा-बारा मिनिटं पुरतात. इथं मात्र जाऊन-येऊन, रॉकअवेला उतरून पाय मोकळे करण्याच्या वेळेसकट, साधारण दीड तास जातो.

सुरुवातीला गाडी खाडीच्या कडेकडेनं जाते. डाव्या बाजूला मासेमारीच्या बोटी आणि ओहोटीला उघडा पडलेला चिखल. पुढं खाडी जिथं समुद्राला मिळते ते बारव्ह्यू लागतं. मग एक लहानसं तळं येतं, आणि त्यानंतर समुद्रात उभे असलेले दोन अजस्र खडक, ज्यांना तिथं ‘ट्विन रॉक्स’ म्हणतात. शेवटी रॉकअवे बीच. इथं रूळ गावाच्या मधोमध आहेत. एका बाजूला दुकानं आणि हायवे, दुसऱ्या बाजूला पुळण आणि समुद्र. उतरलं की समोर एक लाल रंगाचा जुना रेल्वे डबा दिसतो. मालगाडीच्या शेवटी गार्डसाठी जोडायचे तसला. आता त्यात गावाचं पर्यटन माहिती केंद्र आहे.

गाडी ओढायला कधी वाफेचं इंजिन असतं, तर कधी जुनं डिझेल. डबेही जुनेच, काही उघडे, काही बंद. नाताळात आणि पानगळीच्या दिवसांत खास फेऱ्या असतात, आणि काही वेळा गाडी पुढं व्हीलर आणि नेहेलम नदीच्या बाजूलाही जाते.

इथवर वाचून वाटेल, बरं आहे की, एखादी पिकनिक. पण हे रूळ पिकनिकसाठी टाकलेले नव्हते.

मग कशासाठी टाकले होते?

लाकडासाठी.

ओरेगॉनच्या किनाऱ्याला समांतर एक डोंगररांग आहे. आपल्या सह्याद्रीसारखीच ती समुद्रावरून येणारे ढग अडवते आणि त्यामुळं तिथं तुफान पाऊस पडतो. त्या पावसावर स्प्रूस, हेमलॉक, डग्लस फर अशी अवाढव्य झाडं वाढतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लाकूड म्हणजे पैसा होता. पण डोंगरापलीकडं पोर्टलंडच्या बाजारात ते न्यायचं कसं? टिलामूकला जायचं म्हणजे एकतर समुद्रातून बोटीनं, नाहीतर डोंगरातल्या चिखलाच्या वाटेनं.

1905च्या सुमारास एल्मर लाईटल नावाच्या माणसानं ‘पॅसिफिक रेल्वे अँड नेव्हिगेशन कंपनी’ काढली आणि पोर्टलंडजवळच्या हिल्सबोरो गावापासून डोंगर ओलांडून टिलामूकपर्यंत लाईन टाकायला घेतली. एकूण लांबी सुमारे 90 मैल, म्हणजे 145 किलोमीटर. मागं बळ होतं सदर्न पॅसिफिक या बड्या रेल्वे कंपनीचं.

सगळ्यात अवघड भाग होता सॅमनबेरी नदीची घळ. दोन्ही बाजूला उभे डोंगर, मधून नदी, आणि तिच्या काठाकाठानं बोगदे आणि लाकडी पूल करत न्यायचे रूळ. त्या घळीत धड रस्ता तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. काम चालू असतानाच 1906 साली सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि पैशांचा ओघ आटला. शेवटी 1911 साली लाईन पूर्ण झाली.

कंपनीच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं होती पी, आर आणि एन. प्रवाशांनी त्याचा अर्थ लावला ‘पंक, रॉटन अँड नॅस्टी’. आपल्या भाषेत सांगायचं तर भिकार, कुजकी आणि घाणेरडी. गाडी हळू आणि वाट वळणांची, त्यात पावसाळ्यात दरड कधी कोसळेल याचा नेम नाही.

पण या भिकार गाडीनंच किनाऱ्यावरची गावं वसवली. पोर्टलंडची माणसं उन्हाळ्यात समुद्रावर येऊ लागली. रॉकअवेसारखं गाव रुळांच्या दोन्ही बाजूंना का पसरलंय, त्याचं उत्तर हेच आहे. तिथं गाडीमुळं गाव आलं.

चार वणवे आणि मोटारी

पुढं रस्ते झाले, मोटारी आल्या. प्रवाशांनी रेल्वेकडं पाठ फिरवली आणि लाईनवर फक्त मालगाड्या उरल्या.

त्यातच जंगलाला आग लागली. 14 ऑगस्ट 1933 रोजी एका लाकूडतोडीच्या ठिकाणी ठिणगी पडली आणि हजारो एकर जंगल भस्म झालं. लोकांना वाटलं, संपलं. पण सहा वर्षांनी, 1939 साली, पुन्हा आग. 1945 साली पुन्हा. 1951 साली पुन्हा. दर सहा वर्षांनी वणवा! या सगळ्याला मिळून तिथं ‘टिलामूक बर्न’ म्हणतात. एकूण सुमारे 3 लाख 55 हजार एकर जंगल त्यात गेलं.

जळून उभ्या राहिलेल्या झाडांचंही लाकूड कामाचं असतं, त्यामुळं ते बाहेर काढायचं काम वर्षानुवर्षं चाललं. 1948 साली ओरेगॉनच्या मतदारांनी मतदान करून जंगल पुन्हा उभं करायला पैसे मंजूर केले. पुढच्या पंचवीस वर्षांत 7 कोटी 20 लाख रोपं लावली गेली. त्यात शाळेतली मुलंही होती. 1973 साली या भागाला टिलामूक राज्य वन असा दर्जा मिळाला.

म्हणजे आज त्या डोंगरात जे हिरवंगार दिसतं, त्यातलं बरंचसं हातानं लावलेलं आहे.

रेल्वे कंपनीनं हात झटकले, मग लाईन गेली कुणाकडं?

अमेरिकेत रेल्वे खासगी कंपन्यांच्या मालकीची. जी लाईन फायद्यात नाही, ती कंपनी सोडून देते. 1916 साली तिथं सुमारे 2 लाख 54 हजार मैलांचं, म्हणजे 4 लाख किलोमीटरहून जास्त लांबीचं रेल्वेचं जाळं होतं. आज त्यातलं साधारण एक लाख मैल कमी झालंय. गावंच्या गावं रेल्वेच्या नकाशावरून पुसली गेली.

टिलामूकची लाईनही त्याच वाटेवर होती. पण 1990 पर्यंत टप्प्याटप्प्यानं ती ‘पोर्ट ऑफ टिलामूक बे’ या स्थानिक सरकारी संस्थेनं विकत घेतली. नावात बंदर असलं तरी या संस्थेचा मुख्य कारभार चालतो दुसऱ्या महायुद्धातल्या एका नौदल तळाच्या जागेवर. जपानी पाणबुड्यांवर नजर ठेवायला तिथं हवेत तरंगणारी ब्लिम्प विमानं असायची आणि ती ठेवायला दोन प्रचंड लाकडी हँगर बांधले होते. एक 1992 साली जळून गेला. 1943 साली बांधलेला दुसरा अजून उभा आहे. लांबी 1,072 फूट!

तर या संस्थेनं लाईन घेतली ती गिरण्यांचं लाकूड बाहेर जावं, रोजगार टिकावा म्हणून. 1996 च्या पुरात लाईन मोडली, ती दुरुस्त केली. गाड्या चालू राहिल्या.

2003 साली याच रुळांच्या किनाऱ्याकडच्या टोकाला एक ना-नफा संस्था सुरू झाली. जुनी इंजिनं जपणारी माणसं एकत्र आली आणि मालगाड्यांच्या मधल्या वेळात पर्यटकांना फिरवू लागली. तीच ओरेगॉन कोस्ट सीनिक रेलरोड. तेव्हा ती पाहुणी होती. खरी मालकीण होती मालगाडी.

आणि मग आला डिसेंबर 2007

1 ते 3 डिसेंबर 2007. पॅसिफिकवरून एकामागून एक वादळं येऊन किनाऱ्यावर आदळली. टिलामूक खाडीच्या परिसरात वाऱ्याचा वेग ताशी 160 किलोमीटरच्या वर गेला. झाडं काड्यांसारखी मोडली. आणि डोंगरात प्रचंड पाऊस पडला.

सॅमनबेरीच्या घळीत नदीला पूर आला. दरडी कोसळल्या. वरून आलेली माती, दगड आणि ओंडके नदीत अडकले, फुगवटा आला, मग तो फुटला आणि सगळा लोंढा रुळांवरून गेला. काही ठिकाणी रुळांखालची जमीनच वाहून गेली. दोन रूळ आणि त्यांना लटकलेले स्लीपर हवेत झुलत राहिले, एखाद्या दोरीच्या शिडीसारखे. काही ठिकाणी बोगद्याची तोंडं बुजली. काही ठिकाणी पूलच नाहीसे झाले.

आता प्रश्न आला दुरुस्तीचा. घळीत रस्ता नाही. म्हणजे मशीन न्यायचं तर आधी रूळ दुरुस्त करत करत पुढं जायचं. खर्च कोट्यवधी डॉलरचा. आणि एवढं करून त्या लाईनवरून जाणार काय? दिवसाकाठी थोडंसं लाकूड. बरं, पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा हेच होणार नाही याची खात्री कोण देणार?

अमेरिकेत आपत्तीनंतर मदत देणारी केंद्र सरकारची संस्था आहे ‘फेमा’. तिच्या नियमात एक सोय असते. जे मोडलं ते पुन्हा उभं करण्यात अर्थ नसेल, तर तो पैसा लोकांच्या उपयोगाच्या दुसऱ्या कामांना वळवता येतो. टिलामूकच्या पोर्टनं तेच केलं. घळीतली लाईन दुरुस्त करायची नाही असं ठरलं आणि पैसा इतर प्रकल्पांकडं गेला. गिरण्यांचं लाकूड ट्रकनं जाऊ लागलं.

जवळपास शंभर वर्षं पोर्टलंड आणि टिलामूकला जोडणारी लाईन मधोमध तुटली ती तुटलीच.

आपल्याकडं असं झालं असतं तर?

झालंय की. नेरळ–माथेरान आठवा. 1907 साली सुरू झालेली ही मिनी ट्रेन. 26 जुलै 2005 च्या पावसानं तिचीही अशीच वाताहत केली. रुळांखालची माती गेली, दरडी आल्या. गाडी 2007 साली पुन्हा सुरू झाली. 2019 च्या पावसात पुन्हा तेच झालं आणि नेरळपासून माथेरानपर्यंत पूर्ण गाडी धावायला ऑक्टोबर 2022 उजाडला.

पण फरक बघा. माथेरानची गाडी मध्य रेल्वे चालवते. तोट्यात असली तरी मागं अख्खी भारतीय रेल्वे आहे. उशीर झाला, लोकांनी ओरड केली, पण शेवटी दुरुस्ती झाली. टिलामूकच्या लाईनमागं असं कुणी नव्हतं. तिथं हिशेब सरळ होता. जो वापरणार, त्यानं पैसे उभे करायचे.

आणि वापरणारं उरलं होतं कोण? ती पाहुणी.

पाहुणीच घरधनीण झाली

वादळानंतर किनाऱ्याकडचे रूळ बऱ्यापैकी शाबूत होते, पण ते आता बेट झाले होते. दोन्ही टोकांना कुठंच न जाणारे. मालगाडी येणार नाही म्हटल्यावर रुळांची काळजी घेणारंही कुणी नाही. आणि समुद्राकाठी दोन-चार वर्षं लक्ष दिलं नाही तर रुळांचं काय होतं? खाऱ्या हवेनं लोखंड गंजतं, पावसानं लाकडी स्लीपर कुजतात, खडीत झुडपं उगवतात. मग एक दिवस भंगारवाला येतो.

तसं झालं नाही, कारण या ना-नफा संस्थेनं पोर्टशी करार करून किनाऱ्याकडच्या रुळांचा वापर आणि देखभाल अंगावर घेतली. तिकिटाचे पैसे, देणग्या आणि स्वयंसेवकांचे हात, एवढंच भांडवल. कुणी निवृत्त झालेलं, कुणी सुट्टीच्या दिवशी येणारं. स्लीपर बदलायचे, झुडपं तोडायची, डबे रंगवायचे, तिकिटं तपासायची, सगळं याच माणसांनी.

हा प्रकार जगात नवा नाही. वेल्समधली टालिलिन रेल्वे 1951 साली बंद पडणार होती, तेव्हा स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली पहिली रेल्वे म्हणून ती ओळखली जाते. ‘वारसा रेल्वे’ ही कल्पना तिथून जगभर गेली. ओरेगॉनचं वेगळेपण एवढंच की इथं लाईन नुसती बंद पडली नव्हती, मधोमध तुटली होती.

गॅरीबाल्डीत इंजिनंही जमू लागली. त्यातलं 25 नंबरचं तर आपण पाहिलंच. ते 1925 साली बांधलं अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीनं, म्हणजे ‘अल्को’नं. हे नाव आपल्याकडच्या रेल्वेप्रेमींना नवीन नाही. 1962 पासून भारतात आलेली डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनं याच अल्कोच्या डिझाईनची. पुढं ती वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली आणि कित्येक दशकं आपल्या एक्स्प्रेस गाड्या त्यांनी ओढल्या. स्टेशनात उभ्या असलेल्या त्या इंजिनाची धडधड ज्यांनी ऐकलीय, त्यांना 25 नंबर म्हणजे त्याच घराण्यातला पणजोबा वाटेल.

दुसरी गोष्ट आहे ‘स्कूकम’ची. हे इंजिन 1909 साली बाल्डविन कारखान्यात बांधलं गेलं ते टेनेसीतल्या एका लाकूडवाहू रेल्वेसाठी. तिथं ते काही जमलं नाही, म्हणून फिरत फिरत पश्चिम किनाऱ्यावर आलं. ‘स्कूकम’ हा या भागातल्या जुन्या व्यापारी बोलीतला शब्द, अर्थ दणकट. 1955 साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात ते रुळांवरून घसरून उलटलं आणि मालकांनी ते तिथंच टाकून दिलं. नंतर हौशी माणसांनी ते बाहेर काढलं, सुटं केलं, वर्षानुवर्षं एकेक भाग दुरुस्त केला आणि 2018 साली गॅरीबाल्डीत त्याची शिटी पुन्हा वाजली. जंगलात टाकून दिल्यानंतर त्रेसष्ट वर्षांनी.

जुनं इंजिन चालवणं म्हणजे नुसती हौस नाही

वाफेच्या इंजिनाचं तत्त्व सोपं आहे. भट्टीत जाळ, बॉयलरमध्ये पाणी, पाण्याची वाफ, वाफेच्या दाबानं दट्ट्या पुढं-मागं, आणि दट्ट्याच्या दांड्यानं चाकं फिरतात. सोपं असलं तरी ते धोक्याचं आहे. बॉयलर म्हणजे एक अगडबंब प्रेशर कुकर. फक्त त्याच्या शेजारी उभं राहून दिवसभर काम करायचं असतं.

जून 1995 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग इथं पर्यटकांच्या एका गाडीच्या इंजिनात पाण्याची पातळी खाली गेली. भट्टीच्या छताचा पत्रा पाण्याखालून उघडा पडला, तापून मऊ झाला आणि वाफेच्या दाबानं फाटला. इंजिनातले तिघं कर्मचारी भाजले. या अपघाताच्या चौकशीनंतर अमेरिकेनं वाफेच्या इंजिनांचे नियम कडक केले आणि 2000 सालापासून ते लागू झाले.

त्यातला एक नियम रेल्वेप्रेमींना तोंडपाठ असतो, 1,472 दिवसांचा. बॉयलरखाली जाळ केला की तो एक दिवस धरला जातो. असे 1,472 दिवस भरले, किंवा 15 वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा इंजिन पूर्ण खोलायचं. बॉयलर रिकामा करायचा, आतल्या नळ्या काढायच्या, पत्र्याची जाडी जागोजागी मोजायची, मग पुन्हा जोडायचं. याला वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि पैसा पाण्यासारखा लागतो.

आता या इंजिनांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. जो भाग झिजला तो घडवावा लागतो. तो घडवणारे हात म्हातारे होत चाललेत. म्हणून या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये तरुण पोरांनी येणं फार महत्त्वाचं ठरतं. इंजिन संग्रहालयात ठेवलं तर लोखंड टिकतं. पण ते चालवायची, दुरुस्त करायची विद्या फक्त चालत्या इंजिनावरच शिकता येते.

आता नवा पेच: रूळ ठेवायचे की पायवाट करायची?

तुटलेल्या लाईनचं पुढं काय, यावर ओरेगॉनमध्ये एक मोठी योजना आकाराला आली. नाव ‘सॅमनबेरी ट्रेल’. बँक्स गावापासून टिलामूकपर्यंत, जुन्या रेल्वेच्या वाटेनं, 130 किलोमीटरच्या आसपास लांबीची चालायची आणि सायकलची वाट.

यामागं एक कायदेशीर युक्ती आहे. अमेरिकेत रेल्वेच्या बऱ्याच जमिनी कंपनीच्या मालकीच्या नसतात. तिथून रेल्वे नेण्याचा फक्त हक्क असतो. रेल्वे कायमची बंद झाली की तो हक्क संपतो आणि जमीन शेजारच्या मालकांकडं जाते. म्हणजे शंभर वर्षांची सलग वाट शेकडो तुकड्यांत विरघळून जाते. पुन्हा ती एकत्र करणं जवळपास अशक्य.

म्हणून 1983 साली कायद्यात बदल करून एक सोय केली गेली. तिला रेलबँकिंग म्हणतात. लाईन ‘कायमची बंद’ न म्हणता ‘राखून ठेवली’ असं धरायचं, तोवर तिथं लोकांसाठी वाट करायची, आणि पुढं कधी गरज पडली तर रेल्वे परत आणायची. बँकेत ठेव ठेवावी तसं. 1990 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही ही सोय उचलून धरली.

घळीतल्या भागाबद्दल फारसा वाद नाही. तिथं गाडी परत येणं अवघडच. पण किनाऱ्याकडं जिथं गाडी धावतेय तिथं काय? तिथं रुळांच्या शेजारून वाट काढायची कल्पना आहे. कागदावर छान वाटतं. पण एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला हायवे आणि मध्ये रूळ, अशा चिंचोळ्या पट्टीत शेजारून वाट काढायची तर भराव आणि पूल आलेच. खर्च वाढतो. मग कुणीतरी विचारतंच, रूळच काढले तर?

दोन्ही बाजूंचं म्हणणं चुकीचं नाही. वाट सगळ्यांना फुकट वापरता येते, तिला तिकीट लागत नाही. उलट ज्यांना दहा पावलं चालवत नाही अशा आजी-आजोबांना समुद्र दाखवायचा तर गाडीच हवी. आणि एक गोष्ट दोघांनाही मान्य करावी लागते. वादळानंतर किनाऱ्यावरची ही पट्टी गंजून न जाता वापरात राहिली, ती तिथं गाडी धावत राहिली म्हणून.

मध्येच एक तिसरा मार्गही निघालाय. याच लाईनच्या टिलामूककडच्या तुकड्यावर पायडल मारून रुळांवरून चालवायच्या चारचाकी गाड्या भाड्यानं मिळतात. ना इंजिन, ना धूर. लोक हौसेनं पैसे देऊन स्वतःच पायडल मारतात आणि रूळ वापरात राहतात.

मग पाच मैलांच्या गाडीचं एवढं कौतुक कशाला?

कारण हिशेब उलटा झालाय. 1911 साली ही लाईन लाकूड नेण्यासाठी झाली आणि जाता जाता माणसंही न्यायची. आज लाकूड ट्रकनं जातं, आणि रूळ टिकलेत ते फक्त माणसांना समुद्र बघत दीड तास बसायचं असतं म्हणून. जी गोष्ट चैनीची वाटते, तिनंच उपयोगाची गोष्ट वाचवली.

पण हे वाचणं कायमचं नाही. दरवर्षी स्लीपर कुजणार, दरवर्षी हिवाळ्यात वादळं येणार. एखाद्या हंगामात प्रवासी आलेच नाहीत, किंवा मोठ्या इंजिनाचे 1,472 दिवस भरले आणि पैसे जमले नाहीत, तर पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. या गाडीमागं कुठलंही रेल्वे मंत्रालय नाही. तिकीट काढून बसणारी माणसं आहेत आणि रविवारी हाताला वंगण लावून घेणारी माणसं आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी ‘स्टँड बाय मी’मधली ती क्लिप मोबाईलवर आली, तर पोरांसोबत इंजिनाकडंही बघा. त्या सीनमध्ये ते पोरांच्या जिवावर उठलेलं दिसतं. खऱ्या आयुष्यात मात्र ते एका तुटलेल्या रेल्वेचा जीव वाचवणाऱ्यांच्या कामी आलं.